कवड्याच्या फेऱ्या

बोरखेडीच्या नत्थुजी वाकोडेला कोणी वाईट म्हणत नव्हतं, पण चांगलं म्हणायचंही कोणाला कधी सुचलं नव्हतं. लग्नाच्या पंगतीत तो बसला की नेमकी वांग्याची भाजी संपायची आणि वाढपी नुसता रस्सा घेऊन फिरायचा. ग्रामसभेत बोलायला उभा राहिला की लाइट जायची. एकदा दर्यापूरच्या जीपमध्ये त्याला ड्रायव्हरशेजारची सीट मिळाली, तर जीपच फाट्यावर बंद पडली. ड्रायव्हर हात जोडून म्हणाला, "नत्थुजी, तुमी मांगंच बसत जा ना बाप्पा!"

तो मागंच बसायचा. पंगतीत, जीपमध्ये, सभेत त्याला त्याचं काही वाटायचं नाही. पण पोळ्याच्या दिवशी मात्र जिवाला लागायचं.

पोळ्याला गावातल्या साऱ्या बैलजोड्या आंब्याच्या तोरणाखाली रांगेनं उभ्या राहतात. पहिली जोडी मानाची. तो मान उपसरपंच रामरावाच्या घराण्याचा, त्याच्या आज्यापासून. नत्थुजीची जोडी सगळ्यात शेवटी, उकिरड्याला लागून. आता तिथं उभं राहून माणसानं झडत्या म्हणायच्या तरी कशा? तोरणाखाली जो तो यमकं जुळवून दुसऱ्याची टर उडवतो, त्या झडत्या. नत्थुजीला त्या लई भारी सुचायच्या. वर्षभर वावरात नांगर-डवरा हाकता हाकता तो त्या रचायचा, बैलांना ऐकवायचा, घोटून ठेवायचा. पण पोळ्याला उकिरड्यापाशी उभं राहून त्यानं तोंड उघडलं की पुढं डफडं वाजायला लागायचं. त्याची एकही झडती आजवर कोणी ऐकली नव्हती. त्याची बायको जमुना तेवढी ऐकायची, आणि तिचे कान किटले होते.

"एकडाव, फक्त एकडाव समोर उभं राहून म्हनू द्या," असं तो मारोतीला दर शनिवारी सांगायचा. मारोतीनं ते ऐकलं की नाही ते मारोतीलाच ठाऊक. पण जे घडलं ते शनिवारीच घडलं.

बोरखेडीचा मारोती उघड्यावरच आहे. कडुनिंबाखाली ओटा, ओट्यावर शेंदूर माखलेला देव, आणि शेजारी नत्थुजीचा बैल बांधायचा कोठा. त्या शनिवारी नत्थुजीनं कवड्याला हौदावर पाणी पाजायला सोडलं. कवड्या म्हणजे पांढऱ्या अंगावर कवडीएवढे काळे ठिपके असलेला त्याचा आवडता बैल. जोडीतला दुसरा, भुऱ्या, मुकाट्यानं हौदावर गेला. कवड्या निघाला तो ओट्याकडे. मान थोडी खाली, डोळ्यांतून पाणी, आणि ओट्याभोवती एक फेरी. मग दुसरी. मग तिसरी.

पुजारी कमलाकांत महाराज तेव्हा देवाला तेल घालत होते. त्यांच्या हातातली पळी तशीच राहिली. "उजवीकडून!" ते ओरडले. "अरे पहा, उजवीकडून घालून राहिला प्रदक्षिणा! आणि डोळ्यात पाणी पहा त्याच्या!"

रामरावानं मोबाइल काढला. कवड्या थांबेना. थोडा वेळ कोठ्यात बांधला तर गव्हाणीला कपाळ टेकून उभा राहिला, सोडला की पुन्हा ओट्याभोवती. संध्याकाळपर्यंत तो व्हिडिओ अकोटला पोचला होता, आणि दुसऱ्या दिवशी फाट्यावरून जीपगाड्या भरभरून यायला लागल्या.

आता सांगा, ज्या माणसाला पंगतीत वांगं मिळत नव्हतं त्यानं काय करावं? त्याच्या गळ्यात हार पडले. अकोटच्या एका बाईनं वाकून त्याचे पाय धरले. नत्थुजीला अशा वेळी काय करतात ते माहीतच नव्हतं, म्हणून त्यानंही वाकून तिचे पाय धरले, आणि दोघांची डोकी एकमेकांवर आपटली. चहाच्या टपरीवाला त्याला "या नत्थुजीदादा" म्हणू लागला. नत्थुजीची मान अशी ताठली की रात्री जमुनाला तेल लावून चोळावी लागली.

जमुना मात्र गप्प होती. जमुना गप्प असली की समजावं, आभाळ भरून आलंय.

"अवो," चोळता चोळता ती म्हणाली, "कवड्या सरकीची ढेप खात नाई. दोन दिवस झाले."

"उपास असन त्याचा."

"बैलाचा उपास? अन् दात काहून करकर वाजवते?"

"जप करत असन."

जमुनानं त्याची मान अशी पिळली की तो कळवळला. "माह्या बापाच्या घरी पंधरा ढोरं व्हती. एकानंही कधी जप केला नाई. म्या ढोर डॉक्टरले फोन करून राहिली."

पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांचे खांदे हळद-लोण्यानं चोळतात. वर्षभर जू वाहून दमलेल्या खांद्यांचा तेवढाच लाड. जमुना लोणी घेऊन आली, कवड्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि तिनं चटकन काढून घेतला. लोणी चोळायची गरजच नव्हती, आपोआप वितळून खाली आलं. तेवढ्यात डॉक्टरीण बाईंची स्कूटी येऊन थांबली.

डॉक्टर अदिती मूळच्या अमरावतीच्या, दवाखान्यात नव्या. उंचीला जेमतेम कवड्याच्या वशिंडाएवढ्या. समोर टाळ वाजताहेत, बैल फिरतोय, बैलामागं चार म्हाताऱ्या फिरताहेत. त्यांनी दोन मिनिटं नुसतं पाहिलं. मग बॅग उघडली आणि थर्मामीटर काढला.

"चपला काढून या, मॅडम," कमलाकांत महाराज म्हणाले.

त्यांनी चपला काढल्या. कवड्याजवळ गेल्या. शेपूट उचलली, आणि जनावराचा ताप जिथून मोजतात तिथं तो थर्मामीटर घातला.

टाळ बंद पडले. एका म्हातारीनं "अगं माय!" म्हणून पदरानं तोंड झाकलं. कमलाकांत महाराजांचा चेहरा शेंदरासारखा झाला. "अहो, देवाच्या बैलाला ही काय... अहो, ही काय जागा झाली?"

"महाराज, दुसरी जागा नाही," अदिती शांतपणे म्हणाल्या. "एकशे पाच आहे."

मग त्यांनी कवड्याच्या कानाच्या शिरेतून रक्ताचा थेंब काचेवर घेतला आणि नत्थुजीला सोबत दवाखान्यात चला म्हणाल्या. नत्थुजी जायला तयार नव्हता. भक्तांना कोण पाहील? पण जमुना आधीच स्कूटीवर मागं बसली होती. तो शेजारच्या शुभमच्या मोटारसायकलवर गेला.

दवाखान्यात अदितींनी काच सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली आणि म्हणाल्या, "बघा काका."

नत्थुजीनं आधी दोन्ही डोळे मिटून पाहिलं, मग जमुनाच्या ओरडण्यावरून एक उघडला. आत तांबूस चकत्याच चकत्या दिसल्या, आणि त्यांच्यामधून काहीतरी वळवळत गेलं. चकत्यांना ढुशा देत, वाट काढत. मग आणखी एक. यात्रेत खिसेकापू शिरावेत तसे ते सगळीकडे शिरत होते.

"हे काय व्हय?"

"एका पेशीचा जीव. एवढा बारीक की साध्या डोळ्यांना कधीच दिसणार नाही. पावसाळ्यात गोमाशा वाढतात ना, त्या आजारी जनावराला चावून लगेच निरोग्याला चावल्या की हा त्याच्या रक्तात जातो. या रोगाला सर्रा म्हणतात. आधी ताप येतो आणि जातो, जनावर खायचं सोडतं, डोळे गळतात. मग हे मेंदूपर्यंत जातात." त्या नत्थुजीकडे वळल्या. "काका, तो देवाला फेऱ्या घालत नाहीये. त्याला सरळ चालताच येत नाहीये."

नत्थुजी सूक्ष्मदर्शकापासून मागं सरकला. पण माणसाचं मन लई बेरकी असतं, राजेहो. त्याच्या तोंडून निघालं ते असं: "पण उजवीकडून काहून फिरते मंग?"

"डावीकडून फिरला असता तं काय म्हतलं असतं तुमी?" जमुना कडाडली. "भूत लागलं म्हतलं असतं! म्याडम, सुई हाय ना यावर?"

"आहे. आजच द्यायला हवी. आणि उद्या त्याला उन्हात, गर्दीत, वाजंत्रीत उभा करू नका. झटका येऊन कोसळू शकतो."

सगळी गावात परतली तेव्हा ओट्यापाशी रामराव उभा होता. अदितींनी सिरिंज काढली तसा तो आडवा आला. "मॅडम, उद्या पोळा. देवाच्या बैलाले आज सुई टोचली तं गाव काय म्हनन? उद्या तोरण झालं का टोचा, काय पायजे ते टोचा." मग तो नत्थुजीकडे वळला, आणि त्याचा आवाज लोण्यासारखा झाला. "नत्थुजी, आमी ठरवलं हाय. उद्याचा मान कवड्याचा. पहिली जोडी तुमची, अन् पहिली झडतीबी तुमचीच."

अदिती म्हणाल्या, "बैल तुमचा आहे काका. तुम्ही सांगा."

सगळे नत्थुजीकडे पाहू लागले. आयुष्यात पहिल्यांदा इतकी माणसं त्याच्या तोंडून शब्द निघायची वाट पाहत होती, आणि लाइटही गेली नाही. त्यानं जमुनाकडे पाहायचं टाळलं. कवड्याकडेही पाहायचं टाळलं.

"एका दिवसानं काय होते?" तो म्हणाला. "उद्या टोचू."

जमुनानं लोण्याची वाटी उचलली आणि घरात निघून गेली. त्या संध्याकाळी नत्थुजीला भाकर आणि मीठ मिळालं. भाजीचं विचारायची त्याची छाती झाली नाही.

दुसऱ्या दिवशी पोळा. शिंगांना रंग, अंगावर झूल, गळ्यात घुंगुरमाळ, कपाळावर बेगडाची झगमग. सजवताना कवड्या दोनदा अडखळला. नत्थुजी त्याला म्हणाला, "एवढा येक घंटा काढ रे माह्या लेकरा," आणि आपल्याच आवाजाची त्याला लाज वाटली. लाज वाटली तरी त्यानं कासरा धरला आणि निघाला. खोटं कशाला सांगू, तो निघाला.

तोरणाखाली काय गर्दी! रामराव आपली जोडी घेऊन दुसऱ्या नंबरवर उभा होता, दात दुखत असल्यासारखं हसत. उकिरडा तिकडे लांब, दिसतही नव्हता. मागची माणसं टाचा उंचावून नत्थुजीकडे पाहत होती. त्याच्या खिशात नवी झडती होती, चार महिने घोटलेली, रामरावाच्या मिशांवरची. तो घसा खाकरून उभा राहिला. डफडं थांबलं. आणि तोरणाखाली अशी शांतता झाली की कवड्याचं दात करकरणं नत्थुजीला स्वच्छ ऐकू आलं.

मग कवड्यानं डोकं पुढं केलं आणि नत्थुजीच्या छातीला टेकवलं.

"आहाहा!" कमलाकांत महाराज म्हणाले. "मालकाला आशीर्वाद देतोय!"

गावानं हात जोडले. नत्थुजी मात्र हलू शकेना. बैल डोकं टेकवत नव्हता, रेटत होता. गव्हाणीला रेटायचा तसं, भिंतीला रेटायचा तसं. त्याचं कपाळ सदऱ्यातून छातीला चुलीवरच्या तव्यासारखं भाजत होतं. नत्थुजीनं पहिल्यांदा खाली पाहिलं, दोन दिवसांत पहिल्यांदा. कवड्याचे डोळे उघडे होते आणि ते त्याला ओळखत नव्हते.

नऊ वर्षांचा बैल. वासरू होता तेव्हा नत्थुजीनं त्याला खांद्यावर टाकून नाला ओलांडला होता. त्याच्या सगळ्या झडत्या डवऱ्यापुढं चालत याच बैलानं ऐकल्या होत्या, आणि कधी डफडं वाजवलं नव्हतं.

रामरावाच्या मिशांची झडती नत्थुजीच्या डोक्यातून पार धुऊन गेली. त्यानं तोंड उघडलं, आणि जे आलं ते म्हणाला, एवढ्या मोठ्यानं की उकिरड्यापर्यंत गेलं:

"आंब्याच्या पानाचं तोरण बांधलं,
नत्थ्याचं नशीब समोर येऊन सांडलं!
गाव म्हणे बैलाले देव पावला,
त्याच्या रगतात किडा घावला!
ज्याच्या खांद्यावर खाल्ली भाकर,
त्याले मारून मिरवू का गावभर?
घे रे रामराव, मान तुले सोडला,
मले दवाखाना पायजे, पोळा गेला खड्ड्यात!
हर बोला, हर हर महादेव!"

शेवटचं यमक चुकलं. पण ते सांगायला कोणी पुढं आलं नाही. महादेवाच्या गजराला दर पोळ्याला पाचशे गळे लागतात, त्या दिवशी मागून एकट्या जमुनाचा आवाज आला, "हर हर महादेव!" आणि ती लुगडं खोचून गर्दी फोडत पुढं आली.

"म्याडम घरी हायत," ती म्हणाली. "दुपारपासून बसवून ठेवलं. तीन पुरणपोळ्या खाऊ घातल्या, आता त्याईले उठता येत नाई. चला लवकर!"

"तुले कसं मालूम म्या येईन म्हून?"

"मले नव्हतं मालूम. तुमी नसते आले तं म्या तोरणाखाली म्याडमले घेऊन येणार व्हती, अन् त्या थर्मामीटरनं आधी तुमचा ताप मोजणार व्हती."

झूल, बेगड, घुंगुरमाळ वाटेतच सुटत गेली. कडुनिंबाखाली येता येता कवड्याचे मागचे पाय लटपटले आणि तो खाली बसला, मग आडवा झाला. पाय ताठले. अदितींनी दबक्या आवाजात "धरा, डोकं धरा" म्हटलं. नत्थुजीनं डोकं मांडीवर घेतलं. सुई गेली तसे नत्थुजीनं डोळे मिटले, आणि मारोतीकडे तोंड करून ओरडला, "बजरंगबली! याले वाचव! यानं जेवढ्या फेऱ्या मारल्या तेवढ्या म्या मारतो! पुढच्या रांगेचं तं नावबी घेणार नाई!" आणि पोळ्याच्या दिवशी, नव्या धोतरात, तो माणूस ढसाढसा रडला. जमुनानं त्याच्या पाठीवर हात ठेवला. कालपासून पहिल्यांदा.

कवड्या वाचला. लगेच नाही. आधी ताप उतरला, मग त्यानं पाणी हुंगलं, मग एके सकाळी जमुनाच्या हातातली ढेप टोपल्यासकट ओढून घेतली. जमुना त्याला इतक्या शिव्या देत सुटली की शेजारच्यांना कळलं, बैल बरा झाला. हळूहळू फेऱ्या थांबल्या. कोठ्यातून सोडला की सरळ हौदावर, हौदावरून सरळ गव्हाणीवर.

गाव मात्र हिरमुसलं. "सुईनं देव उतरवला," असं कमलाकांत महाराज काही दिवस म्हणत होते. जीपगाड्या बंद झाल्या. टपरीवाला पुन्हा "काय नत्थ्या" म्हणू लागला. मग एक दिवस रामरावाची म्हैस खायची थांबली आणि तिनं भिंतीला डोकं लावलं. रामराव मागच्या दारानं नत्थुजीकडे आला. "थो... डॉक्टरीणबाईचा नंबर हाय ना तुयाकडं? कोणाले सांगू नको." नत्थुजीनं नंबर दिला, आणि जमुनानं साऱ्या गावाला सांगितलं. त्या आठवड्यात निम्म्या गावाची ढोरं दवाखान्याच्या दारात रांगेनं उभी होती, आणि सगळ्यांत पुढं, विचारा कोण? कवड्या, पुन्हा रक्त तपासायला. त्याला मान देत रामराव म्हशीसह मागं सरकला होता.

दिवाळीच्या सुमारास डॉक्टर अदिती एका सकाळी बोरखेडीवरून जात होत्या. ओट्याकडे नजर गेली आणि त्यांनी करकचून ब्रेक मारला. नत्थुजी मान खाली घालून मारोतीभोवती गोल गोल फिरत होता. एकटाच. कोणी टाळ वाजवत नव्हतं, कोणी व्हिडिओ काढत नव्हतं.

त्या घाबऱ्याघुबऱ्या जमुनाकडे धावल्या. "काकू! काकांना ताप आहे का?"

जमुना अंगणात तूर पाखडत होती. तिनं सूप खाली ठेवलं. "ताप नाई बाई, नवस हाय. बैलानं मारल्या तेवढ्या फेऱ्या मारतो म्हनले व्हते. रोज सकाळी वावरात जायच्या आंधी मारतात."

अदिती हसल्या. ओट्यापाशी जाऊन म्हणाल्या, "काका, अजून किती राहिल्या?"

नत्थुजी थांबला. कपाळाचा घाम पुसून त्यानं कोठ्याकडे पाहिलं. कवड्या तिथं चार पायांवर ठाम उभा राहून ढेप खात होता.

"मले काय मालूम?" नत्थुजी म्हणाला. "थो मरायले टेकला व्हता अन् आमी सारे हात जोडून उभे व्हतो, म्याडम. त्याच्या कोणी मोजल्या नाईत. मी कोणत्या तोंडानं मोजू?"

आणि तो पुन्हा चालू लागला.